बोलत राहा

कार्यक्रम सातचा असला की धाकटी चारला हॉलवर पोचायची. गाणाऱ्या माणसाची खरी परीक्षा चारलाच असते. सातला लोक येतात, टाळ्या वाजवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. चार वाजता हॉलमध्ये असतात नुसत्या एकावर एक रचलेल्या खुर्च्या, दाराशी झाडून ठेवलेला केर आणि स्टेजवर एकटा उभा माईक. त्या माईकवर बोलून आवाज लावून घ्यायचा, याला साउंड चेक म्हणतात. साउंडवाला लांब आपल्या बटणांपुढे बसतो आणि तिथून ओरडतो, "बोला." काय बोलायचं ते मात्र सांगत नाही. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप लागत नाही असे गवई त्या एका क्षणी "हॅलो, एक, दोन" एवढ्यावर अडतात आणि तीन विसरतात.

अशांसाठी साउंडवाल्या बोळेकाकांकडे ठरलेला उपाय होता. "सकाळी काय खाल्लं ते सांगा," ते म्हणायचे. माणूस कितीही गांगरलेला असो, सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवतंच. तो सांगायला लागला की काका मान खाली घालून बटणं फिरवायचे, आणि तो थांबला की मान वर न करता म्हणायचे, "बोलत राहा."

बोळे हे त्यांचं आडनाव नव्हे. ड्रमवाल्या पोरांचा कार्यक्रम असला की ते कानात कापसाचे बोळे घालून बसत, म्हणून बोळेकाका. एका आयोजकाने तर आभाराच्या यादीत 'श्री. बोळे' असं छापून टाकलं होतं, आणि काकांनी ते दुरुस्त करायची तसदी घेतली नाही. साठी ओलांडलेली, शर्ट ढगळ, खिशाला टेस्टर, आणि चेहरा तासभर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. गावातल्या निम्म्या हॉलांचा साउंड तेच बघायचे.

धाकटी गिटार वाजवून स्वतःची गाणी म्हणायची. गाणं लिहायची स्वतः, चाल लावायची स्वतः, पोस्टर चिकटवायची स्वतः आणि कार्यक्रम झाल्यावर खरवडून काढायचीही स्वतः. पोस्टरवर ठळक अक्षरांत बाहेरून आलेल्या पाहुण्याचं नाव असे, आणि तळाशी बारीक अक्षरांत 'व स्थानिक कलाकार'. ही 'व स्थानिक कलाकार' म्हणजे धाकटी. अकरा वर्षांत तिने कॉफीच्या दुकानात गाऊन पाहिलं, तिथे नेमक्या हळव्या ओळीला बिया दळायचं मशीन सुरू व्हायचं. पुस्तकांच्या दुकानात गायली, तिथे लोक "जरा सरकता का" म्हणून तिच्या पाठीमागच्या कपाटातून पुस्तक काढायचे. एकदा एका फर्निचरच्या दुकानात गायली, समोर चौदा सोफे आणि तीन माणसं. त्या तिघांतले दोघं सोफा बघायला आलेले होते.

दिवसा ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला असे. पुढच्या बाजूला मालक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचे, "हे बरं दिसतं की हे?" आणि मागच्या खोलीत धाकटी फ्रेमच्या मापाने भिंगं घासायची. चाकावर पाणी पडत राहतं, भिंगाची कड हळूहळू गोल होते, मध्ये मध्ये फ्रेमला लावून बघावं लागतं. केसभर जास्त घासलं तर भिंग आत खुळखुळतं, कमी घासलं तर बसतच नाही. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, असं ते काम होतं. तिची निम्मीअधिक गाणी त्या चाकाच्या घरघरीवर सुचलेली. 'दुसरा कप' हे गाणंही तिथलंच, आणि सगळा घोटाळा त्यानेच केला.

धाकटी म्हटलं की थोरली आली. थोरली तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती. तिच्या वेण्या थोरलीने घातल्या, डबा थोरलीने भरला, आणि शाळेत बाईंनी पालकांना बोलावलं की गंभीर तोंड करून थोरलीच जायची. दोघी एकत्र गायच्या. धाकटीचा आवाज वरचा, थोरलीचा खालचा. खालच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. लोक वरच्या आवाजाचं कौतुक करतात. आणि खालचा काढून घेतला तर त्यांना एवढंच वाटतं, की आज कशात तरी मीठ कमी पडलंय. सुरुवातीचे सगळे कार्यक्रम दोघींनी मिळून केले. बोळेकाका तेव्हापासूनचे. दोन माईक, दोन स्टँड, आणि थोरलीचा स्टँड चार बोटं उंच, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं.

मग मेहुणे गेले. म्हणजे वारले नाहीत, नुसते गेले. एका सोमवारी ऑफिसच्या कामाला म्हणून बॅग घेऊन निघाले आणि तिकडूनच कळवलं की आता परत येत नाही. धाकटी सोबतीला म्हणून आठ दिवस थोरलीकडे जाऊन राहिली. थोरली रडली नाही, बोलली नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती तक्रारींच्या खिडकीवर बसायची, तिथे रोज जात राहिली. तेही अर्धा तास आधी. ती आयुष्यात कधी वेळेवर पोचलीच नाही, नेहमी आधीच. गाण्याचं काय, असं धाकटीने विचारलं तेव्हा म्हणाली, "थोडे दिवस तू एकटी म्हण. मला बरं वाटलं की येईन."

चौथ्या दिवशी सकाळी धाकटीला लवकर जाग आली. स्वयंपाकघराच्या दारातून तिने पाहिलं, थोरलीने ओट्यावर दोन कप मांडले होते. दोन्हींत चहा गाळला. एक उचलून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली. धाकटी पाय न वाजवता मागे फिरली आणि आंघोळीला गेली. परत आली तेव्हा दोन्ही कप धुऊन पालथे घातलेले होते. पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशीही तेच. धाकटीने काही विचारलं नाही. आठ दिवसांनी ती दुकानात चाकापुढे बसली आणि दुपारपर्यंत गाणं तयार होतं.

*एक कप माझा, एक तुझा अजून,*
*सवय जाता जाईना ओट्यावरून.*
*गार झालेला ओतते मोरीत मी,*
*आणि धुताना तुझाच धुते आधी.*

गाणं चांगलंच होतं, त्यात वाद नाही. पण ते तिने थोरलीला आधी म्हणून दाखवलं नाही. तिला वाटलं, थोरली एकदम ऐकेल आणि गळ्यात पडेल. असं वाटणारी माणसं जगात असतात, आणि त्यांतली बरीच नेमकी गाणी लिहितात. पुस्तकांच्या दुकानातला कार्यक्रम होता. थोरली ऑफिसातल्या चौघींना घेऊन आली होती, माझी बहीण कशी गाते ते बघा म्हणून. ऑफिसात तिने मेहुण्यांची बदली झाली आहे असं सांगितलं होतं. हे धाकटीला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नसलं तरी तोंड आवरायला काय हरकत होती? गाण्याआधी चार शब्द बोलायची तिला खोड. ती माईकवर म्हणाली, "हे माझ्या ताईचं गाणं आहे. ती इथेच बसली आहे." आणि मग गायली. दुकानभर लोकांचे डोळे भरून आले. चौघींपैकी एकीने थोरलीचा हात हातात घेतला. थोरलीने तो सोडवून घेतला.

बाहेर स्कूटर काढताना थोरली एवढंच म्हणाली, "कप माझा होता, धाकटे."

त्याला सहा वर्षं झाली. धाकटीने फोन केले, ते उचलले गेले नाहीत. दारावर गेली, दार उघडलं नाही. शेवटी एकदा ती त्या तक्रारींच्या खिडकीवर रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर थोरलीने मान वर केली, ओळख न दाखवता विचारलं, "तक्रार काय आहे?" धाकटीच्या तोंडून शब्द फुटेना. "तक्रार लेखी द्या," थोरली म्हणाली. "पुढचे कोण?" आणि पुढचे एक गृहस्थ गढूळ पाण्याची बाटली घेऊन धाकटीला बाजूला सारून खिडकीशी आले.

या सहा वर्षांत ते गाणं मात्र गावभर झालं. धाकटीच्या चाळीस गाण्यांपैकी लोकांना तेवढं एकच माहीत. दोन गाणी झाली की मागून कुणीतरी ओरडायचं, "कप! कप म्हणा!" ती म्हणायची. न म्हणून सांगते कुणाला? तिसऱ्या ओळीला लोकही बरोबर म्हणायला लागायचे, सगळे मिळून थोरलीचा चहा मोरीत ओतायचे, आणि धाकटीला दर वेळी वाटायचं, आता ती दारातून आत येईल. ती आली नाही. दर कार्यक्रमात धाकटी एकदा तरी दाराकडे बघायचीच, तार जुळवतेय असं दाखवून.

आणि साउंड चेकचं ते लचांड तेव्हाच सुरू झालं. भांडणानंतरचा पहिलाच कार्यक्रम. बोळेकाकांनी सवयीने दोन स्टँड लावले होते. धाकटीने दुसरा उचलून पडद्यामागे ठेवला आणि माईकपुढे उभी राहिली. "बोला," काका म्हणाले. ती गप्प. "सकाळी काय खाल्लं ते सांगा." तिने काहीच खाल्लेलं नव्हतं. रिकाम्या हॉलकडे बघत ती म्हणाली, "ताई, मी सकाळपासून काही खाल्लं नाही." आणि मग थांबताच येईना. थोरलीशी बोलायचं राहिलेलं सगळं त्या माईकवर बाहेर पडायला लागलं. तिने श्वास घ्यायला तोंड मिटलं की बटणांमागून आवाज यायचा, "बोलत राहा."

संपल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टेजवरून उतरून ती काकांकडे गेली. "काका, मी काहीबाही बोलले. मनावर घेऊ नका."

"मॅडम, मला शब्द ऐकू येत नाहीत," काका वायर गुंडाळत म्हणाले. "मला 'स'ची शिट्टी ऐकू येते, 'फ'ची फुंकर ऐकू येते. अर्थ माझ्या खात्यात येत नाही."

त्या एका वाक्यावर धाकटीने सहा वर्षं काढली. दर कार्यक्रमाला चार वाजता ती थोरलीशी बोलायची. मालकांनी स्वतःचाच चष्मा डोक्यावर ठेवून दुकानभर शोधला ते सांगायची. घर बदललं, नव्या घराचा पत्ता सांगायची. पाणीपुरवठ्याची गाडी दिसली की आत कोण बसलंय ते वाकून बघते, हे सांगायची. पंधरा मिनिटं, कधी वीस. काका दर वेळी दोन स्टँड लावायचे, ती दर वेळी दुसरा आत नेऊन ठेवायची. "सवय हो," काका म्हणायचे. सातला ती लोकांपुढे गायची खरी, पण जीव चारच्यातच असायचा. आठवड्यात कार्यक्रम नसला की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, आणि ते गाण्यासाठी नव्हे.

आणि आता हा कार्यक्रम. वाचनालयाच्या वरचा हॉल, तीनशे खुर्च्या, पोस्टरवर तिचं एकटीचं नाव. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यात 'व' नव्हता. नावाखाली मोठ्या अक्षरांत, 'दुसरा कप: एक संध्याकाळ'. आयोजकांनी कपाचं चित्रही काढून घेतलं होतं, वाफेसकट. पोस्टर बघून मालकांनी दुकानाच्या काचेवर दोन लावली, गिऱ्हाइकांना बोट दाखवून सांगायला लागले, आणि धाकटीला मात्र त्या चित्राकडे बघवेना. तो बशी झाकलेला कप काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिने एक पत्र लिहिलं. 'तक्रार लेखी द्या म्हणाली होतीस, म्हणून लेखी देते. तक्रार माझीच, माझ्याविरुद्ध.' सोबत पास ठेवला, कार्यक्रम सात वाजता, आणि थोरलीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून दिलं. तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही. तेव्हा तिने मनाशी ठरवलं, की आज ते गाणं म्हणायचं नाही. आज नाही आणि पुढेही नाही. लोक चिडतील, आयोजक तर डोक्याला हात लावतील, कदाचित पुन्हा कुणी बोलावणार नाही आणि ती परत बारीक अक्षरांत जाऊन बसेल. बसू दे. जे गाणं थोरलीला परत आणत नाही, ते म्हणून करायचंय काय?

चार वाजता ती हॉलवर पोचली. पडदे ओढलेले होते, समोर मिट्ट काळोख. स्टेजवरचा एक दिवा मात्र नेमका तिच्या डोळ्यांत मारत होता. दोन स्टँड उभे होते. तिने दुसरा उचलून आत ठेवला. काका काही बोलले नाहीत, 'सवय हो' सुद्धा नाही.

"बोला," एवढंच म्हणाले.

"ताई," धाकटीने सुरुवात केली, "पास मिळाला असेल. आली नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण चालवून घेईन. आज मी ते गाणं म्हणणार नाहीये. तीनशे लोक तेवढ्यासाठीच येणार आहेत आणि मी म्हणणार नाही. कुणाला सांगितलेलं नाही अजून, तुलाच पहिल्यांदा सांगतेय. पुढचं तुझं तू बघ म्हणशील. बघते."

ती थांबली.

"बोलत राहा," काका म्हणाले.

"मला वाटायचं, मी तुझं दुःख वाटून घेतेय. कसलं वाटून घेतेय? मी ते उचललं आणि वाटत सुटले. गावभर." तिने नाक पुसलं. "आणि अजून एक. लोक म्हणतात, तुमचा आवाज आता किती वर जातो. वर कुठला? खाली तू नाहीस, म्हणून तो वर वाटतो नुसता. घरी एकटी असले की मी तुझा आवाज म्हणून बघते. खालचा. जमत नाही. माझा गळा तिथपर्यंत उतरत नाही. मग मी तुझी जागा सोडून माझं तेवढं म्हणते आणि मध्ये मध्ये गप्प बसते, जणू तू..."

तिने खाली मान घातली आणि काकांची वाट बघितली. कुणी काही म्हणालं नाही.

"काका?"

अंधारातून आवाज आला, "बोलत राहा."

आवाज काकांचा नव्हता. बाईचा होता, आणि खालचा होता.

धाकटीने मान वर केली. तिने दिव्याआड हात धरला, पण काळोखात काही दिसेना.

"थांबलीस का?" तो आवाज म्हणाला. "कुणीतरी ऐकतंय म्हणून?"

धाकटीचे कान लाल झाले, मान तापली. आत्ता काय काय बोललो, ते सगळं शब्दाशब्दाने तिला परत ऐकू आलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला खरोखर वाटलं. थोरलीवर काय गुदरलं असेल ते तिने सहा वर्षं माईकला सांगितलं होतं, पण ते अंगावर असं आजच आलं. कसाबसा तिच्या तोंडून प्रश्न निघाला, "कोण कोण आहे तिकडे?"

"मी एकटीच आहे," थोरली म्हणाली. "माझ्या वेळी ऑफिसातल्या चौघी होत्या."

"ताई, चुकलं माझं." माईक चालूच होता. ती माफी हॉलभर घुमली, भिंतीवर आपटून परत आली. काकांनी सवयीने आवाज जरा कमी केला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोरली मधल्या वाटेने चालत तिसऱ्या रांगेपर्यंत आली आणि उजेडाच्या कडेला उभी राहिली. तिला चष्मा लागला होता. सहा वर्षांपूर्वी नव्हता. ती भिंगं दुसऱ्याच कुणीतरी घासली होती, आणि डावं भिंग फ्रेममध्ये किंचित सैल बसलेलं धाकटीला तिथूनही दिसलं. गाण्याच्या वेळी आलं नाही इतकं रडू तिला त्या भिंगाने आलं.

"कधीपासून बसली आहेस?"

"साडेतीनपासून."

"पासवर सात लिहिलं होतं."

"हे तुझे बोळेकाका खिडकीवर आले होते परवा. मीटर बिघडलंय म्हणाले. मी माणूस पाठवला, मीटर धडधाकट होतं. काल परत हजर. म्हणाले, बाई, सातला नका येऊ, चारला या. सातला गाणं असतं, चारला बोलणं असतं."

धाकटीने काकांच्या दिशेने पाहिलं. "काका, अर्थ तुमच्या खात्यात येत नाही ना?"

"खातं बदललं," काका मान वर न करता म्हणाले.

थोरली हसली नाही, पण चष्मा काढून पदराने पुसायला लागली. पुसत पुसत म्हणाली, "गाणं बंद करायचं काही कारण नाही. आता झालं ते झालं. पण चुकीचं म्हणतेस ते आधी दुरुस्त कर."

"चुकीचं?"

"मोरीत ओतते म्हणे! मी कधी ओतला चहा? दोन्ही मीच प्यायचे. आधी गरम, मग गार."

"दोन्ही?" धाकटीने विचारलं.

"चांगला चहा कुणी टाकून देतं का? आईने आपल्याला असं वाढवलंय?" थोरलीचा आवाज चढला. "सहा वर्षं सगळ्या गावाला वाटतंय, मी रोज सकाळी एक कप चहा ओतून देते. आमचे साहेबसुद्धा परवा म्हणाले, ऐकून वाईट वाटलं हो. काय सांगणार होते मी त्यांना? ओतत नव्हते साहेब, पीत होते?"

धाकटीला हसू फुटलं आणि रडू तर चालूच होतं. "मी दारातून बघितलं होतं," ती म्हणाली. "पण अर्धंच. पुढचं मनाने लिहिलं."

"विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

थोरलीने जरा विचार केला. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. "पण तू विचारायचं होतंस."

धाकटीने डोळे पुसले. ती गिटारच्या तारांवर हात ठेवून उभी राहिली. मग हलकेच, जवळजवळ स्वतःशीच, तिने ओळ लावून बघितली: *गार झालेला, तोही पिते मग मी.* अक्षराला अक्षर बसलं. केसभर इकडेतिकडे नाही.

"हां," थोरली म्हणाली. "हे खरं."

काका उठले. गुडघ्यावर हात ठेवत स्टेजवर चढले, आत गेले आणि दुसरा स्टँड घेऊन आले. तो धाकटीच्या शेजारी ठेवला, माईक लावला, वायर जोडली. "याची लेव्हल घ्यायची राहिलीय," कुणाकडेच न बघता ते म्हणाले.

"मी गाणार नाही," थोरली म्हणाली.

"गाऊ नका. कोण गा म्हणतंय? लेव्हल तेवढी घेऊ द्या."

थोरलीने पर्स खुर्चीवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. मग तीन पायऱ्या चढून वर आली. धाकटी एक पाऊल सरकली, जेवढं पूर्वी सरकायची तेवढंच. स्टँड चार बोटं उंच होता. थोरलीला मान वाकवावी लागली नाही. काका जाऊन आपल्या बटणांपुढे बसले.

"बोला."

थोरली माईककडे नुसती बघत राहिली.

"सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"काही खाल्लं नाही," थोरली म्हणाली. तो खालचा आवाज हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. "चहा घेतला." आणि ती थांबली.

"बोलत राहा," काका म्हणाले.

"एकच कप." तिने धाकटीकडे पाहिलं. "चार वर्षं झाली, धाकटे, मी एकच कप करते. तुला सांगायचं राहून गेलं."